इंजिनातल्या मिसिंगास

मिसिंग,

हे पत्र तुला उघडपणे लिहितो आहे, कारण तू एकट्या माझ्या गाडीत नाहीस. कुठल्याही गॅरेजात सकाळी दहाच्या सुमाराला जाऊन उभं राहिलं की एक तरी गाडी अशी निघते, जिचा मालक बॉनेटवर हात टेकून सांगत असतो, "प्लग झाले, कॉइल झाली, इंजेक्टर साफ करून झाले, तरी मिसिंग आहेच." मिस्त्री हाताचा चांगला असतो, मालकही पैशाला मागे हटणारा नसतो. तरी महिन्या-दोन महिन्यांनी तू परत दारात. लोक तुला चिवट म्हणतात, कोणी भुताटकी म्हणतात. मला ते पटत नाही. इंजिनाच्या बिघाडांत तुझ्याइतका सरळ बोलणारा बिघाड मी पाहिलेला नाही. कुठल्या गिअरला येतोस, थंड इंजिनावर की तापल्यावर, पावसात की चढावर, यातच तुझा सगळा ठावठिकाणा असतो. तो नीट विचारून घेणारी माणसं कमी आहेत, आणि त्या विचारण्याचे पैसे द्यायला आम्ही गिऱ्हाइकं तयार नसतो. मला बोलायचंय ते याबद्दल.

तू म्हणजे चुकलेली पाळी. चार सिलेंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर नुसतं उभ्या उभ्या चालत असतं, तेव्हासुद्धा आत मिनिटाला १,६०० वेळा जाळ होतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २७ वेळा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलेंडरला एकदाच पाळी मिळते, आणि बहुतेक चार सिलेंडरच्या गाड्यांत ती १-३-४-२ अशी फिरते. यातली एखादी पाळी फुकट गेली की क्रँकला मिळायचा धक्का मिळत नाही आणि तो क्षणभर मंदावतो. गाडीतला कंप्युटर तुला ओळखतो तो एवढ्यावरूनच. सिलेंडरच्या आत डोकावणारा कोणी नसतो. क्रँकच्या दातेरी चाकाशेजारी एक सेन्सर बसलेला असतो, तो एक दाता जाऊन दुसरा यायला किती वेळ लागला ते मोजतो. दोन नंबरच्या पाळीला वारंवार उशीर दिसला, की पी ०३०२ हा कोड पडतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो.

घोळ इथूनच सुरू होतो. पी ०३०२ चा अर्थ फक्त इतकाच, की दोन नंबरच्या सिलेंडरने धक्का दिला नाही. का दिला नाही, हे कंप्युटरला माहीत नसतं. स्पार्क पडला नसेल, पेट्रोल आलं नसेल, हवा जास्त शिरली असेल, वॉल्व्ह नीट मिटत नसेल, हेड गॅस्केटमधून पाणी झिरपलं असेल. क्रँकच्या दृष्टीने हे सगळं एकच. पण स्कॅनरच्या पडद्यावर कोड दिसला की कॉइलचा खोका फोडला जातो. कॉइल सगळ्यात सोपी. एक बोल्ट, एक कनेक्टर, पाच मिनिटांत नवी बसते, आणि बिलात दाखवायला वस्तू मिळते.

माझ्याच गाडीची गोष्ट सांगतो, कारण तीत तू अगदी स्पष्ट बोलत होतास. चार सिलेंडरची पेट्रोल गाडी, कंपनीचंच सीएनजी किट. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर, गाडी भरलेली असली आणि तिसऱ्या गिअरला जोर दिला, की झटके. पेट्रोलवर टाकली की पुष्कळसं कमी. घाट संपून सपाटीला लागलं की काहीच नाही. पुण्यातल्या एका गॅरेजात चारही प्लग बदलले. गुण आला, आणि काही आठवड्यांनी गेला. मग कॉइल बदलली, पुन्हा गुण आला आणि पुन्हा गेला. मग इंजेक्टर काढून साफ केले, त्याचंही तेच. शेवटी "किटमध्येच प्रॉब्लेम आहे, सीएनजीवर चढाला गाडी मारणारच" असं उत्तर मिळालं.

साताऱ्यातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. "सकाळी स्टार्टला मारते का? पावसात वाढतं का? एसी लावला की? रिव्हर्सला जोर दिला तर?" हा शेवटचा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. मी आठवून सांगितलं की आमच्या पार्किंगचा चढ रिव्हर्समध्ये चढताना गाडी कधीच मारत नाही. ते म्हणाले, "बरं. आणि प्रत्येक वेळी काम केल्यावर काही दिवस चांगली चालली ना?" मी हो म्हटलं. "मग साहेब, तीन वेगळी कामं केली आणि तिन्हींनी गुण आला. या तिन्ही कामांत सारखं काय होतं?"

सारखा होता तो कॉइलचा कनेक्टर. प्लग काढायचे तर आधी कॉइल काढावी लागते, कॉइल काढायची तर कनेक्टर ओढावा लागतो, आणि त्या गाडीत इंजेक्टरपर्यंत हात पोचवायलाही तीच वायरिंग बाजूला सारावी लागते. म्हणजे दर वेळी कोणी ना कोणी ती वायर हलवली होती आणि दर वेळी तू काही दिवस गप्प बसला होतास.

तरी त्यांनी अंदाजावर काम केलं नाही. कोड दोन नंबरचा होता, म्हणून आधी दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर घातली, कोड पुसला आणि गाडी चढावर नेऊन आणली. कोड दोनवरच पडला, म्हणजे कॉइल सुटली. मग प्लगांची अदलाबदल केली. पुन्हा दोनच, म्हणजे प्लगही सुटले. एका वेळी एकच वस्तू हलवायची, दोन हलवल्या तर उत्तराला किंमत राहत नाही, हे ते शेजारी उभ्या पोराला सांगत होते. कॉइल आणि प्लग नवे घ्यायची गरज तोवर पडलीच नव्हती. गाडीतच चार-चार होते.

मग कनेक्टर सुटा करून, चावी ऑन करून त्यांनी मीटर लावला. १२ व्होल्टच्या वर आकडा आला, म्हणजे वायर ठीक. पुण्यात बहुधा इथेच थांबले असावेत. पण मीटर वायरीतून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीच्या आतली एक तार जरी शाबूत असली, तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. कॉइलला भरायला काही अँपिअर लागतात, आणि त्या एका तारेतून ते जाऊ शकत नाहीत. म्हणून त्यांनी फळीवरचा हेडलाइटचा जुना बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या आणि कनेक्टरच्या सप्लाय आणि अर्थच्या पिनांवर टेकवल्या. बल्ब लख्ख पेटला. मग दुसऱ्या हाताने वायरिंगचा गुच्छ धरून त्यांनी हळूच रेडिएटरच्या दिशेला ओढला, आणि बल्बची तार लालसर होऊन मंदावली. सोडला की पुन्हा लख्ख.

क्लँपच्या अगदी कडेला वायरीचं आवरण धड होतं, नुसती किंचित चकाकी आलेली. ब्लेडने ते उभं चिरलं तेव्हा आतलं तांबं हिरवट पडलेलं दिसलं आणि बहुतेक तारा तुटलेल्या. दुसरीकडे इंजिनाच्या माउंटिंगचं रबर फाटलं होतं. पुढच्या गिअरमध्ये जोर दिला की इंजिन एका बाजूला जास्त कलायचं आणि ती वायर ताणली जायची. रिव्हर्सला ते उलट बाजूला कलतं, म्हणून तिथे तू नव्हतास. चढावर सिलेंडरमध्ये जास्त मिश्रण भरतं, दाब वाढतो, आणि वाढलेल्या दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. सीएनजीला पेट्रोलपेक्षाही जास्त. बारा व्होल्टचे वीस-तीस हजार करणारी कॉइल नीट भरलीच नाही, तर ती कमी पडणार ते तिथेच, भरलेल्या गाडीत, सीएनजीवर, खंबाटकीच्या चढावर. पेट्रोलवर तू निम्मा व्हायचास आणि सपाटीला नाहीसा व्हायचास, त्याचं कारणही हेच. तू दर वेळी हेच सांगत होतास आणि आमचे कान स्कॅनरकडे होते.

खराब भाग कापून तेवढ्याच जाडीची वायर, सोल्डर, वरून स्लीव्ह, क्लँपची जागा थोडी बदलली, नवं माउंटिंग. त्या वितीभर वायरीची किंमत बिलात धरावी अशीही नव्हती.

तुझी बाकीची बोलीही इतकीच स्पष्ट आहे. पावसाळ्यात, रात्रभर उघड्यावर राहिलेल्या गाडीत सकाळी आलास आणि ऊन पडल्यावर गेलास, तर कॉइलच्या खालचं रबरी बूट चिरलेलं असण्याची शक्यता मोठी. ओलावा मिळाला की ठिणगी प्लगच्या टोकापर्यंत न जाता चिरेतून हेडच्या धातूकडे पळते आणि जाताना काळी रेघ मागे ठेवते. अंधारात इंजिन चालू ठेवून कॉइलांवर पाण्याचा बारीक फवारा मारला तर ती निळी ठिणगी डोळ्यांनी दिसते. हात मात्र लांब ठेवायचा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळून प्लगच्या खोबणीत ऑइल साचलं असेल, तर ते रबर फुगतं आणि लवकर फुटतं. अशा वेळी नुसती कॉइल बदलून पॅकिंग तसंच ठेवलं, की तू परत यायचा दिवस ठरलेलाच. पावसाळ्यात उंदीरही बॉनेटखाली आसरा घेतात. वायरीला दातांच्या खुणा आहेत का हे बघायला स्कॅनर लागत नाही.

आयडलिंगला गाडी थरथरते आणि रेस दिली की सुरळीत होते, असं असेल तर मला आधी हवेची चोरवाट आठवते. इनटेकचं गॅस्केट, एखादा तडकलेला रबरी पाइप. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. आयडलिंगला आत येणारी हवा मुळात थोडी, म्हणून तिथे चोरटी हवा लगेच बाधते. रेस वाढली की तिचा हिस्सा नगण्य होतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे आकडे दिसतात. कंप्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो, तो हा आकडा. उभ्या गाडीत तो वर आणि अडीच हजार आरपीएमला खाली येत असेल, तर चोरवाट शोधावी. उलट जोर दिल्यावर तो चढत जात असेल, तर पेट्रोल कमी पडतंय, पंप आणि फिल्टर बघावा. हाच स्कॅनर, तीच वायर, पण कोडचं पान सोडून पुढच्या पानावर जाणारे किती? कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती होते, इंजिनावर लोड किती होता, पाण्याचं तापमान किती होतं, ही नोंदसुद्धा कंप्युटरने ठेवलेली असते. ती वाचायच्या आधीच कोड पुसला जातो, तेव्हा मला फार वाईट वाटतं. साक्षीदाराची जबानी न घेता त्याला घरी पाठवण्यासारखं आहे ते.

एका ठिकाणी मात्र तुझ्यामुळे दुसऱ्याच कोणावर आळ येतो. पाळी चुकली की त्या सिलेंडरमधला ऑक्सिजन जळत नाही, तसाच सायलेन्सरकडे जातो. तिथला ऑक्सिजन सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो, न जळलेलं पेट्रोल त्याला समजत नाही. तो कळवतो, की हवा जास्त झाली. कंप्युटर पेट्रोल वाढवतो, पी ०१७१ पडतो, गाडी जास्त पिते आणि धूर काळपट होतो. मग कोणीतरी ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगतो. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. दोन्ही कोड एकत्र असतील तर आधी तुझा माग काढावा, तू गेलास की पुष्कळदा दुसरा आपोआप जातो.

आता एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे, आणि ती तुझ्यापेक्षा हे पत्र वाचणाऱ्या गाडीवाल्यांसाठी आहे. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर गॅरेजपर्यंत सावकाश जाता येतं. तोच दिवा लुकलुकायला लागला तर ॲक्सिलरेटरवरचा पाय त्याच क्षणी हलका करावा, आणि झटके थांबले नाहीत तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावं. लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ असा, की न जळलेलं पेट्रोल मोठ्या प्रमाणात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. आतली चिनी मातीसारखी जाळी त्या उष्णतेने वितळते, सायलेन्सरचा रस्ता तुंबतो आणि मग गाडी ओढतच नाही. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात. काही शेकड्यांच्या कामाचं बिल हजारोंवर जातं ते असं. घाट आहे, मागे ट्रक आहेत, मुलं कंटाळली आहेत, हे सगळं कबूल. तरी जागा मिळताच थांबा.

जुने मिस्त्री प्रीमियर पद्मिनीच्या काळात तुला शोधायचे ते इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर उपटून. जी वायर काढल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो सिलेंडर मेलेला. पद्धत अचूक होती आणि त्या इंजिनाला शोभणारी होती. पण १ एप्रिल २०२० पासून येणाऱ्या बीएस-६ गाड्यांत, किंवा त्याआधीच्याही कॉइल थेट प्लगवर बसणाऱ्या गाड्यांत, चालू इंजिनाची कॉइल उपटू नये. तो हजारो व्होल्टचा झटका दुसरी वाट शोधतो, आणि कच्चं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जातं. त्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढावा, म्हणजे त्या सिलेंडरचं पेट्रोलच बंद होतं. तर्क तोच, फक्त हात दुसरीकडे.

हल्ली सगळा दोष इथेनॉलवर टाकायची पद्धत पडली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं, आणि पंपाच्या किंवा गाडीच्या टाकीत पाणी जास्त झालं तर ते तळाला बसतं, हे खरं. तसं झालं तर गाडी मारतेही. पण टाकीतलं पेट्रोल चारही सिलेंडरांना जातं. ते खराब असेल तर तू कधी एकात, कधी दुसऱ्यात असा दिसशील आणि पी ०३०० पडेल. महिनोन्महिने एकट्या दोन नंबरलाच येत असशील, तर पंपवाल्याशी भांडून उपयोग नाही.

आणि स्पार्क झाला, पेट्रोल झालं, हवा झाली, तरी तू त्याच सिलेंडरला चिकटून असशील, तर कॉम्प्रेशन मोजायलाच हवं. सीएनजीवर खूप पळालेल्या पुष्कळ गाड्यांत वॉल्व्हची सीट झिजते, वॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटमधला गॅप कमी होत जातो आणि एक दिवस वॉल्व्ह पुरता मिटेनासा होतो. मग कितीही प्लग घाला. त्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं आणि आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट, ही जुनी परीक्षा आजही चालते.

एवढं सगळं करायला वेळ जातो, आणि त्या वेळाचे पैसे कोण देतं? आमच्याकडे गॅरेजच्या बिलात सामान लिहिलेलं असेल तर गिऱ्हाईक मुकाट्याने देतं. "तपासणी, दोन तास" असं लिहिलं की म्हणतं, "नुसतं बघायचे कसले पैसे?" मग मिस्त्रीने बघणं सोडून बदलणं धरलं, तर दोष एकट्या त्याचा कसा? साताऱ्यात माझ्या बिलात माउंटिंग सोडलं तर सगळी मजुरीच होती. आधीच्या तीन बिलांच्या बेरजेपुढे ती रक्कम किरकोळ होती, आणि ती पूर्णपणे विचाराची किंमत होती. डॉक्टरला औषध न देता तपासण्याचे पैसे देतो, वकिलाला सल्ल्याचे देतो. हात काळे असलेल्या माणसाच्या डोक्याचेही द्यायला हवेत. माझी गॅरेजवाल्यांनाही विनंती आहे, की भिंतीवरच्या दरपत्रकात तपासणीचा दर लिहा आणि तो मागायला संकोचू नका. ज्यांना तू वर्षभर छळलं आहेस ती माणसं तो आनंदाने देतील.

सध्या तू आमच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या गाडीत आहेस. सकाळी पहिल्या स्टार्टला अर्धा मिनिट गाडी हलते, थोडा पांढरा धूर येतो, मग दिवसभर काही नाही. एक नंबरचा प्लग दोनदा बदलून झालाय. कूलंटच्या बाटलीतली पातळी मात्र हळूहळू उतरते आणि गाडीखाली थेंब नाही. कूलंटचं मी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "ते तर मी अधूनमधून भरतेच की, त्याचा काय संबंध?" संबंध आहे असा माझा संशय आहे. आज संध्याकाळी गरम इंजिन निवल्यावर रेडिएटरला पंप लावून, कॅपवर लिहिलेल्या दाबाइतका दाब देऊन, गाडी रात्रभर तशीच ठेवणार आहोत. सकाळी मिस्त्री येऊन चारही प्लग काढतील आणि कॅमेऱ्याने आत बघतील. एक नंबरचा पिस्टन ओला किंवा धुतल्यासारखा स्वच्छ दिसला आणि बाकीचे तीन काळे, तर हेड उघडावं लागेल. चारही सारखेच काळे आणि कोरडे निघाले, तर मी चुकलो आणि पुढची पायरी इंजेक्टरची. दोन्ही खर्चांचे अंदाज काकूंना आजच सांगितले आहेत. प्लग निघायच्या आधी कोणी गाडी सुरू केली तर रात्रभराचा पुरावा जळून जाईल, म्हणून किल्ली माझ्याकडे ठेवून घेतली आहे आणि मिस्त्रींना साडेसातची वेळ दिली आहे.